टर्बो बसवण्याआधी

शुद्धलेखनाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

एकदा एक वस्ताद घाटाच्या पायथ्याशी गॅरेज चालवीत असे. त्याच्याकडे एक शिष्य होता, अबोल पण हाताने कुशल. एके दिवशी कापडाचा एक व्यापारी आपली जुनी डिझेल गाडी घेऊन आला. "घाटात बैलगाडीसुद्धा हिला मागे टाकेल. टर्बो बसवा," तो म्हणाला. टर्बो म्हणजे इंजिनात दाबाने जादा हवा भरणारा पंखा. वस्ताद शिष्याला म्हणाला, "हे काम तुझं."

शिष्याचे ते पहिलेच स्वतंत्र काम. त्याने भंगार बाजार पालथा घालून चांगला टर्बो आणला, पाइप कापून तयार ठेवले. पण वस्ताद पुढे जाऊ देईना. एक दिवस नुसते इंजिन धुवायला लावले. दुसऱ्या दिवशी म्हणे, आज नको. शिष्य मनातून धुमसत होता. काम माझे म्हणायचे आणि पाना उचलला की अडवायचे, याला काय अर्थ?

तिसऱ्या दिवशी व्यापारी तावातावाने आला. वस्तादाने गाडी चालू केली, इंजिनात तेल ओतायच्या तोंडावरचे झाकण काढून तिथेच उलटे ठेवले आणि स्टूल ओढून त्याकडे बघत बसला.

"वस्ताद, गाडी दुरुस्त करताय की तिचं भविष्य बघताय?" व्यापारी म्हणाला.

शिष्याचाही धीर सुटला. "मलाही तेच विचारायचंय."

झाकण थरथरले, नाचू लागले आणि उडून जमिनीवर पडले. उघड्या तोंडातून निळसर धूर भकभक येऊ लागला.

वस्तादाने इंजिन बंद केले. "पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. वरचा दाब फटीतून खाली उतरतो, त्यानंच झाकण उडवलं. आहे तो जोर हिला धरवत नाही आणि तू आणखी कोंबणार. घाटात इंजिन फुटलं असतं."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना. कशाला झुलवलंत?"

"तू कधी तपासतोस याची वाट बघत होतो," वस्ताद वैतागून म्हणाला. "इंजिन धुवायला लावलं ते त्यासाठीच. तुझं सगळं ध्यान त्या टर्बोत. मी सांगितलं असतं तर तू माझं ऐकलं असतंस, इंजिनाचं नाही. उद्या मी नसेन. बळ वाढवायची घाई सगळ्यांनाच असते. असलेलं बळ कुठून गळतंय, ते आधी शोधावं."

"मला प्रवचन नको," व्यापारी म्हणाला. "उद्या बसवणार नसाल तर गाडी दुसरीकडे नेतो."

"काम त्याचं आहे. त्याला विचारा."

शिष्याने पडलेले झाकण उचलून पुसायला घेतले. पहिले काम हातचे जाताना त्याला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आत, तो व्यापाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"शेठ, आधी इंजिन उघडावं लागेल. रिंगा बदलल्यावर टर्बो बसवतो. थांबायचं नसेल तर गाडी न्या, पण आहे त्या इंजिनावर मी तो चढवणार नाही."

"वस्तादांनी पाठवलं का?"

"नाही. ते अजून उठलेही नसतील."

व्यापारी बराच वेळ कुरकुरला, पण गाडीची किल्ली काही त्याने मागितली नाही. शिष्य गॅरेजवर परतला, टर्बो गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेवला आणि इंजिनातले तेल काढायला बसला.