बावीस जणांचं वऱ्हाड

पूर्वी नदीकाठच्या वाळूत कलिंगडाचा एक वेल होता. त्याच्या प्रत्येक पेशीत बावीस गुणसूत्रं राहत, अकरा आईकडची आणि अकरा वडिलांकडची. परागकण व्हायची वेळ आली की जोड्या शेजारी बसत, एकमेकांना आपला थोडा थोडा भाग देत आणि मग अर्धी इकडे, अर्धी तिकडे जात.

एका पेशीतलं सर्वांत लांब गुणसूत्र मात्र अडून बसलं. सगळे त्याला थोरले म्हणत. "आमच्या घराण्यात वाटणी होत नाही," ते म्हणालं.

शेजारचा परागकण म्हणाला, "अहो थोरले, मादीफुलाकडूनही अकरा येणार आहेत. जागा नको का ठेवायला?"

"जागा त्यांनी करावी. आम्ही मुलाकडचे!"

थोरले हटेनात, म्हणून वाटणी न होताच बावीसच्या बावीस जण एका फुगीर कणात बसून मधमाशीबरोबर मादीफुलात पोचले. अंडपेशी अकरा घेऊन वाट पाहत होती. "एवढे सगळे?" ती हळूच म्हणाली आणि सरकून बसली.

त्या बीजातून तेहतीस जणांचा दांडगा वेल झाला. पुढे त्याला बिया धरायची वेळ आली, तेव्हा जोड्या काही लागेनात. प्रत्येक जोडीशेजारी एक तिसरा उभा राहून विचारी, "मी कुणाजवळ बसू?" ते भांडण मिटलंच नाही.

कलिंगड मात्र मोठं, लालभडक झालं. कापलं तर आत एकही बी नव्हती. "बरं झालं," खाणारे म्हणाले, "थुंकायची कटकट नाही!"

थोरल्यांनी मान ताठ केली. "ऐकलंत? असं घराणं पुन्हा होणे नाही."