दवंडीतलं ‘आपण’

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. गोष्ट मात्र उरली आहे. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी.

डोंगराच्या कुशीत एक चिमुकलं राज्य होतं. डोंगरावर गवताचं मोठं कुरण होतं आणि साऱ्या राज्याची गुरंढोरं त्यावर जगत. राज्यात शेतकरी होते, नदीकाठचे कोळी होते, कुठूनशी आपली चाकं घेऊन आलेले कुंभार होते, आणि मेंढरांमागे हिंडता हिंडता कुरणाच्या कडेला कायमचे बसलेले धनगर होते. कोण आधी आलं आणि कोण मागून, हे कुणी विचारत नसे. भांडणं होत, मिटत, पुन्हा होत.

गादीवर नुकतीच एक तरुण राणी बसली होती. मनानं चांगली, पण स्वभाव काळजीचा. शेजारची मोठी राज्यं पाहिली की तिला आपलं राज्य फार किरकोळ वाटे. त्यांची निशाणं उंच, त्यांच्या वेशी भक्कम, त्यांच्या माणसांचा पेहराव एकसारखा. आणि इथे बाजारात उभं राहावं तर दहा तऱ्हांची पागोटी, बारा तऱ्हांच्या बोली. असलं कडबोळं किती दिवस टिकणार? माझ्यामागे हे राज्य राहील का?

तिनं प्रधानजींना विचारलं. प्रधानजी हुशार होते. नको तितके हुशार होते. त्यांनी रोग शोधून काढला तो दवंडीत.

त्या राज्याची दवंडी पूर्वापार एकाच धाटणीची असे. ‘ऐका हो ऐका, उद्या आपण बंधारा बांधणार आहोत.’ ‘ऐका हो ऐका, आपल्या जत्रेत कुस्त्या आहेत.’ प्रधानजींचं म्हणणं पडलं, की हा ‘आपण’ फार ढिला शब्द आहे. कुणीही येतो आणि त्यात शिरून बसतो. ज्यांचे पणजोबा याच मातीत गेले, तेच खरे या राज्याचे. त्यांनी दवंडीत स्वतःला ‘आम्ही’ म्हणावं आणि बाकीच्यांना ‘तुम्ही’. राहा, खा, प्या, पण तुम्ही ते तुम्ही.

आता हे शब्द तुम्हा-आम्हाला ठाऊकच आहेत. शेजारीण म्हणाली, “आम्ही जेवायला बसतोय,” की मुकाट्यानं वहाणा पायात घालून घरी यायचं. ती म्हणाली, “आपण जेवायला बसू,” की पाट ओढायचा. शेंबड्या पोरालाही हे कळतं. प्रधानजींना कळत नव्हतं असं नाही; त्यांना नेमकं तेच हवं होतं. राणीलाही ते पटलं. राज्यावरच्या मायेपोटीच पटलं, एवढं तिच्या बाजूनं सांगायला हवं.

वेशीवरच्या शिपायांची मात्र पंचाईत झाली. अनोळखी माणसाला आदरानं “आपण कोण?” असं विचारायची त्यांची सवय. त्यातही मेला तोच शब्द! मग “कोण रे तू?” सुरू झालं, आणि बरेचसे व्यापारी आल्या पावली परत जाऊ लागले.

‘आम्ही’ झालेल्यांची छाती चार दिवस फुगली. पण या शब्दाची एक खोड आहे. जिभेवर बसला की तो लहान लहान होत जातो. वरची आळी म्हणू लागली, खालच्या आळीचे पणजोबा इथले असतील, पण खापरपणजोबा कुठले? खरे आम्हीच. खालची आळी म्हणाली, नदीला पहिला घाट कुणी बांधला? आम्हीच. ‘तुम्ही, तुम्ही’ ऐकून विटलेल्या कुंभारांनी आणि कोळ्यांनीही आपापला ‘आम्ही’ वेगळा मांडला. राणी सज्जातून बाजार पाही. पागोटी पूर्वीइतक्याच तऱ्हांची होती, फक्त माणसं एकमेकांच्या दुकानापाशी बोलत उभी राहत नव्हती. तिला वाटलं, चला, शिस्त आली.

मग भर उन्हाळ्यात, एका सकाळी, कुरणाच्या वरच्या अंगाला धूर दिसला. वणवा लागला होता. राणीनं तात्काळ दवंडी पिटवली. दवंडीवाला नव्या शिरस्त्याप्रमाणे गल्लोगल्ली ओरडत गेला, “ऐका हो ऐका! डोंगराला वणवा लागला आहे. आम्ही विझवायला निघालो आहोत!”

लोकांनी ऐकलं. कुंभार म्हणाले, निघालेत ना, बरं झालं. खालच्या आळीला वाटलं, वरची आळी निघाली. वरच्या आळीला वाटलं, राजवाड्यातली माणसं निघाली. कुणाच्या मनात पाप नव्हतं. आमंत्रणाशिवाय दुसऱ्याच्या पंगतीत बसू नये, एवढी रीत सगळेच पाळत होते.

राणी चावडीपुढे वाट पाहत राहिली. तिच्यासमोर जमले ते प्रधानजी आणि मूठभर शिपाई. वर धूर काळा पडत चालला होता. लोक का येत नाहीत, असं तिनं विचारलं, तेव्हा प्रधानजी म्हणाले की दवंडी तर अगदी नियमाप्रमाणे झाली. नियमाप्रमाणे झाली, म्हणजे काय झाली, ते राणीला तेव्हा उमगलं. सगळ्या राज्याला सांगितलं होतं, पण बोलावलं कुणालाच नव्हतं. ती घाबरली. एवढी भीती तिला वणव्याचीही वाटली नव्हती.

तिनं दवंडीवाल्याच्या गळ्यातला डफ काढून स्वतःच्या गळ्यात अडकवला. तिला तो धड वाजवताही येईना. तशीच बडवत ती निघाली आणि हाका मारू लागली, की आपलं कुरण जळतंय, चला, आपण जाऊ. दारं किलकिली झाली. उंबऱ्याबाहेर मात्र कुणी पाय टाकेना. शब्द ओळखीचा होता, पण लोकांचा त्याच्यावरचा भरवसा उडाला होता.

इतक्यात धुळाबाई नावाची म्हातारी धनगरीण मदत मागायला डोंगरावरून धापा टाकत खाली आली. राणीच्या तोंडचा शब्द तिनं ऐकला आणि ती भर रस्त्यात तिच्यासमोर उभी राहिली.

“राणीसायब, ह्या ‘आपुन’मधी आमी हावो का न्हाई, त्येवढं सांगा. इस्तू इझला की मागनं ‘तुमी’ म्हनाया नगं.”

प्रधानजी खाकरले. किलकिल्या दारांमागे सगळे कान टवकारून होते. राणीची मान खाली गेली.

“आहात, धुळाबाई,” ती म्हणाली. “तुम्हाला वगळलं तर तो शब्दच उरत नाही. चुकलं माझं.”

मग दारं उघडली. शेतकरी विळे घेऊन आले आणि आगीच्या वाटेतलं गवत कापून त्यांनी रुंद पट्टा मोकळा केला. कुंभारांनी मडकी आणली, कोळ्यांनी ती नदीवर भरली, बायकांनी हातोहात वर चढवली. पोरं हिरव्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपू लागली. दुपारी डोंगराच्या पलीकडून शेजारच्या राज्यातली माणसंही धावून आली, कारण वणव्याला शीव कळत नाही. यांनाही आता ‘आपण’ म्हणायचं का, असं प्रधानजींनी हळूच विचारलं.

“आजच्या दिवस म्हणू या,” राणी म्हणाली. “उद्या ते त्यांच्या घरी जातील, आपण आपल्या.”

सांजेला आग विझली. अर्धं कुरण वाचलं. पण सकाळचे जे प्रहर वाट पाहण्यात वाया गेले, तेवढ्यात वरच्या कडेचा धनगरांचा वाडा आतल्या मेंढरांसकट जळून गेला होता.

दुसऱ्या दिवशी राणी एकटीच डोंगर चढून गेली. धुळाबाई राखेत बसून मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वेचत होती. काय बोलायचं ते राणीनं वाटेत मनाशी घोकलं होतं. ती म्हणाली, “धुळाबाई, तुमचं फार नुकसान झालं.”

म्हातारीनं वर पाहिलं नाही. “आपलं झालं, राणीसायब,” ती म्हणाली. “आपली मेंढरं गेली.”

जिला राज्यानं ‘तुम्ही’ म्हणून बाहेर काढलं होतं, तिनं आपल्या दुःखात राणीला धरलं होतं. राणी तिच्याशेजारी राखेत बसली आणि पोटभर रडली. मग दोघी मिळून घंटा वेचू लागल्या.

त्या वर्षी चारा कमी पडला. गुरं वाळली, दुधाला ओढ लागली, आणि जे होतं ते सगळ्या आळ्यांना वाटून घ्यावं लागलं. पण राज्य राहिलं, राणीच्या मागेही पुष्कळ पिढ्या राहिलं.

तात्पर्य : शीव आखून देश दाखवता येतो, पण त्यात राहणाऱ्या प्रत्येकाला ‘आपण’ म्हणता येतं तोवरच तो टिकतो.