पाचशे आठवा मणी

राजा होता म्हणतात त्या नगरात, पण त्याला कधी कुणी पाहिलं नव्हतं. नगर केवढं? तर सुईच्या टोकावर अशी चार-पाच नगरं सहज बसतील, एवढं. जुई, हसू नकोस. लहान म्हणजे काही रिकामं नव्हे. आत रस्ते होते, भट्ट्या होत्या, ओझी वाहणारे हमाल होते आणि मधोमध राजाचा महाल. राजा महालातून बाहेर पडत नसे. त्याच्याकडे वाडवडिलांची एक पोथी होती. तिच्यातलं एकेक पान उतरवून बाहेर पाठवलं की संपलं त्याचं काम. राबायचं बाकीच्यांनी.

नगराला तट होता तेलाचा. दगडाचा नाही, तेलाचा, बरं का. त्यातून पाणी धड जाईना आणि मीठ तर मुळीच जाईना. म्हणून तटाला दारं होती. साखरेची वेगळी, मिठाची वेगळी. आणि दार म्हणजे लाकडाची फळी नव्हे. द्वारपाल हाच दार. तो तटात उभा राहायचा, जरा अंग वळवायचा आणि त्याच्या पोटातून वाट व्हायची.

मिठाच्या दारांवर सगळ्यांचा जीव टांगलेला. का? तर तटाबाहेर एक ओढा होता. आतून मीठ बाहेर गेलं की त्याच्या मागोमाग पाणी जाई आणि ओढा वाहता राही. मीठ आतच अडकलं की ओढ्याचा गोंद होई, चिकट. मग काठावरच्या एकूण एक नगरांचा श्वास कोंडे. कौस्तुभ, पाय खाली घे आणि नीट ऐक.

आता हे द्वारपाल यायचे कुठून? तर पटवेकऱ्यांकडून, म्हणजे मण्यांच्या माळा ओवणाऱ्यांकडून. राजाचं पान आलं की ते वाचायचे, हा मणी पहिला, तो मणी दुसरा, आणि ओवत जायचे. मिठाच्या द्वारपालाला चौदाशे ऐंशी मणी लागत. कुणी कुठे जायचं तो पत्ताही मण्यांतच ओवलेला असे. भट्टीवर जाणाऱ्याचा वेगळा, महालात जाणाऱ्याचा वेगळा. ज्यांना तटावर जायचं, त्यांना मात्र आधी भीमाक्काच्या खोलीतून जावं लागे.

भीमाक्का कामाला वाघीण होती. नुसती लोंबती माळ तिच्या हाती यायची. मग ती तिला वळवायची, दुमडायची, इथे खांदा, इथे कंबर, आणि माळेचा चांगला हातापायांचा द्वारपाल करायची. तो सरळ उभा राहिला की त्याला फुग्याच्या पालखीत बसवायची. हमाल पालखी घेऊन तटाकडे निघायचे. वाटेत त्याला साखरेचा तुरा लावायचे.

आणि नाही सरळ उभा राहिला तर? तर भीमाक्का त्याच्या पाठीवर चुन्याचं बोट ओढायची. चुना लागला की हमाल त्याला जात्याकडे न्यायचे. जात्यात गेलं की मणी सुटे. ते पुन्हा दुसऱ्या कुणाच्या माळेत. मेला असं मला म्हणवत नाही, पण तो काही राहिला नाही.

दुष्ट नव्हती हो ती. फार पूर्वी तिने दया येऊन एकाला तसंच वाकडं सोडलं होतं. तो गल्लीत अडकला, त्याला दुसरा चिकटला, दुसऱ्याला तिसरा, आणि आख्खी गल्ली तुंबली. तेव्हापासून तिने ठरवलं, वाकडा म्हणजे चुना. तिच्या हातून चुना कधी चुकला नाही.

मग एकदा काय झालं, राजाच्या पोथीतच खोट निघाली. आज्या-पणज्यांपैकी कुणीतरी नक्कल करताना एक मणी गाळला होता. पाचशे आठवा. महालात कुणाच्या लक्षात आलं नाही. पान बाहेर आलं, पटवेकऱ्यांनी आहे तसं ओवलं आणि माळ भीमाक्काकडे आली.

तिने दुमडलं, वळवलं, उभं केलं. पोरगा कमरेत कलला. तिने पुन्हा उभं केलं, पुन्हा कलला. लावला चुना.

मग दुसरा आला. तोही तिथेच कलला. तो म्हणाला, "अक्का, जरा थांबा ना. जमेल मला." भीमाक्काला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिला ती तुंबलेली गल्ली आठवली. लावला चुना.

मग तिसरा आला.  चुना लागताना नुसता तिच्याकडे बघत राहिला. त्याच्यानंतर कितीतरी आले, सगळे तिथेच कलणारे, आणि सगळे जात्याकडे गेले.

इकडे मिठाच्या दारांवर कुणीच नाही. ओढा दाटला, गोंद झाला. तटावरून निरोपावर निरोप. भीमाक्का म्हणायची, "सरळ आला की पाठवते. वाकडा पाठवून काय उपयोग?" तिला वाटायचं, आपण नगर वाचवतोय. तिकडे नगराचा श्वास कोंडतोय हे तिला दिसायचं कुठे? खोली सोडून ती कधी कुठे गेलीच नव्हती.

मग एक दिवस नगरात थंडी पडली. अशी थंडी की भट्ट्या मंदावल्या, हमालांची पावलं जड झाली, जातंसुद्धा कुरकुरत फिरायला लागलं. नेमकी त्याच दिवशी मिठाच्या द्वारपालाची माळ आली. गारठ्यात सगळंच सावकाश. तीही सावकाश दुमडत गेली. आणि सावकाश दुमडली म्हणून की काय, पोरगा उभा राहिला. जरासा कललेला, पण उभा. भीमाक्काने चुन्यात बोट घातलं, तर चुना थिजलेला. ती तो खरवडतेय तोवर पोरगा पालखीत बसून गेलासुद्धा.

भीमाक्का संतापली. आता गल्ली तुंबणार म्हणून कानोसा घेत बसली. गल्ली काही तुंबली नाही. उलट लांबून पाण्याचा आवाज यायला लागला.

मग ती जन्मात पहिल्यांदा खोलीबाहेर पडली आणि तटावर गेली. बघते तर तो पोरगा मिठाच्या दारी उभा. कललेलाच. अंग वळवायला त्याला इतरांहून वेळ लागत होता. पण वळवत होता. मीठ बाहेर जात होतं, मागोमाग पाणी जात होतं आणि दारापुढचा गोंद थोडाथोडा सुटत होता. 

पोराने तिला ओळखलं. म्हणाला, "अक्का, एवढ्या दारांत मी एकटाच कसा? माझ्यासारखं कुणी आलंच नाही का?"

भीमाक्काला खोटं बोलता येत नव्हतं. म्हणाली, "आले होते. मी परत पाठवले."

त्याने एकदा अंग वळवलं, मीठ जाऊ दिलं. मग म्हणाला, "दार काही फार जड नाही, अक्का. त्यांनाही उघडलं असतं."

एवढंच बोलला बिचारा. रागावलाही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

थंडी तीन दिवस राहिली. चौथ्या दिवशी ऊब आली आणि ऊब आल्यावर त्याची कंबर टिकेना. हमाल आले आणि त्याला घेऊन गेले. भीमाक्का त्यांच्या मागे जात्यापर्यंत गेली. आत काही गेली नाही.

पण परत आल्यावर तिने चुन्याचं भांडं दूर सारलं. पुढचा पोरगा आला, तिथेच कलला. या वेळी तिने त्याच्या कमरेला बोटाचा टेकू दिला आणि तशीच बसून राहिली. घाई केली नाही. बराच वेळ गेला. मग पोरगा उभा राहिला. टेकू केवढा लागला म्हणाल, तर एका बोटाचा. पुढे अशीच एकेक पालखी तटाकडे गेली. दारं भरली, ओढा वाहू लागला, काठावरची सगळी नगरं भरपूर श्वास घेऊन सुखाने राहिली. राजाला अजून पत्ता नाही.

भीमाक्काला लोक म्हणत, "तू रीतीनेच वागलीस, तुझा काय दोष?"  रीतीने वागली हे खरंच होतं. पण एकदा, फक्त एकदा आधी तटावर जाऊन यायला हवं होतं, हे तिला जन्मभर लागून राहिलं. अशा काही गोष्टी मलाही लागून राहिल्यात. त्या तुम्हाला नाही सांगणार. चला, डोळे मिटा.

काय गं जुई? जात्यात गेलेले पुढे परत आले का?

नाही गं बाळ. त्यांचे मणी नगरातच आहेत, कुणाकुणाच्या माळेत. पण ते नाही आले. झोप आता.