पाखऱ्याची साक्ष

"घोडा स्वतः दरबारात येऊन सांगेल, तरच मी नालबंद बदलीन!" गुमानराजे गादीवर थाप मारून गरजले. "नाहीतर म्हाळू मोतद्दारानं उद्या दिवस मावळायच्या आत बायकोसकट राज्याबाहेर चालू पडावं!"

झालं होतं असं. राजांचा लाडका घोडा पाखऱ्या, त्याच्या पुढच्या उजव्या पायाचा नाल केव्हाच निखळून पडला होता. सरकारी नालबंद हैबती रोज म्हणायचा, "आलोच!" आणि हा पठ्ठ्या यायचा नाही तो नाहीच. त्या दिवशी पाखऱ्या लंगडला आणि राजे उडाले ते थेट शेणखताच्या ढिगात! आता दोष कुणाचा? घोड्याचा नाही, हैबतीचा नाही. घोडा सांभाळणाऱ्या म्हाळूचा!

बिचारा म्हाळू हात जोडून म्हणाला, "महाराज, बाजारपेठेतला दस्तगीर नालबंद बोलावू या. सांगितल्या वेळेला येतो."

"खबरदार! हैबतीच्या आजोबांना आमच्या आजोबांनी नेमलंय. आजोबांनी नेमलेलं घराणं आणि आजोबांनी घातलेले नियम, आम्ही काही बदलत नसतो!"

म्हाळू घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. "धुरपे, गाठोडं बांध. घोडा कधी बोलतो का?"

त्याची बायको धुरपा पागेला गवत पुरवायची. विळ्याला धार आणि जिभेला त्याहून जास्त! ती म्हणाली, "बोलायला कशाला हवा? दारापर्यंत नेला की पुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार खच्चून भरला. घोडा बोलणार म्हटल्यावर कोण घरी बसतंय! चोपदारानं पुकारा केला, "साक्षीदार पाखऱ्या हाजिर हो!"

धुरपानं लगाम धरून पाखऱ्याला उंबऱ्यापर्यंत आणलं आणि तिथंच थांबवलं.

"आण की आत!" राजे म्हणाले.

"कसा आणू महाराज? थोरल्या महाराजांचा नियम आहे, पायात काही घालून दरबारात यायचं नाही. याच्या तर तीन पायांत नाल आहेत!"

सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या. दाराबाहेर जोड्यांचा ढीग पडला होता. खुद्द प्रधानजींचे जोडेही त्यातच होते. नियम म्हणजे नियम.

"मग उपट ते नाल! अरे शिपाया..."

"थांबा महाराज! सरकारी घोड्याच्या खुराला सरकारी नालबंदाशिवाय कुणी हात लावायचा नाही. हाही थोरल्या महाराजांचाच नियम."

"बरोबर आहे," राजे मिशी पिळत म्हणाले. आजोबांचं नाव निघालं की त्यांची छाती फुगायची. "बोलवा हैबतीला!"

शिपाई पळाला. परत आला तो एकटाच. "महाराज, हैबती म्हणतो, आलोच."

राजे वाट बघू लागले. ऊन अंगणात आलं. दुसरा शिपाई गेला, तोही परत आला. "महाराज, तो निघालाच होता, पण मांजर आडवं गेलं. आता मांजर परत जायची वाट बघतोय."

ऊन डोक्यावर आलं. मुदपाकखान्यातून पुरणपोळीचा वास यायला लागला. एक म्हातारे सरदार शेजाऱ्याच्या खांद्यावर घोरू लागले. राजे उठायला गेले, तेवढ्यात प्रधानजी कळवळून म्हणाले, "बसा महाराज! साक्षीदाराचा पुकारा झाला की साक्ष होईपर्यंत गादीवरून उठायचं नाही आणि कुणी जेवायचं नाही. आजोबांचा..."

"माहितीये!" राजे ओरडले आणि मटकन खाली बसले.

तिसरा शिपाई आला. "महाराज, मांजर गेलं! पण आता हैबतीला हातोडा सापडत नाही. शेजाऱ्यानं नेलाय म्हणे, आणि शेजारी गेलाय सासुरवाडीला!"

राजांच्या पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, भांडत होते. "अरे, हा काय माणूस आहे की चेष्टा! याची वाट बघत बसलो तर इथंच वाळून जाऊ आम्ही!"

धुरपा दारातून म्हणाली, "पाखऱ्याही हेच म्हणत असेल, महाराज. पण आत आल्याशिवाय त्याची साक्ष कशी धरायची? हैबतीविरुद्धची तक्रार ऐकायला आधी हैबतीच यायला हवा!"

"खड्ड्यात गेला हैबती! त्या दस्तगीरला बोलवा!"

"तो सरकारी नालबंद नाही, महाराज. खुराला हात कसा लावेल?"

"मग केला! आत्ताच्या आत्ता केला! आजपासून दस्तगीरच सरकारी नालबंद! प्रधानजी, शिक्का उमटवा, आणि त्या पोळ्या कुणीतरी झाकून ठेवा रे!"

दस्तगीर शिपायाच्याही पुढे धावत आला. बसल्या बैठकीला त्यानं खिळे सोडवून तिन्ही नाल काढले, जोड्यांच्या ढिगाशेजारी नीट मांडून ठेवले आणि आदाब करून बाजूला उभा राहिला.

पाखऱ्या ऐटीत दरबारात शिरला. राजे पुढे वाकून म्हणाले, "बोल पाखऱ्या! नालबंदाबद्दल तुझी काय तक्रार आहे?"

पाखऱ्यानं प्रधानजींच्या पागोट्याचा वास घेतला. पुन्हा विचारलं, तर त्यानं पागोट्याचा शेमला चघळायला सुरुवात केली.

"हा हा! नाही बोलला!" राजे टाळी वाजवून ओरडले. "धुरपे, हरलीस! घोड्यानं एका शब्दानंही तक्रार केली नाही! उचला गाठोडं!"

म्हाळू दाराकडे वळला. धुरपा मात्र पदर खोचून पुढे झाली.

"तक्रार कशाला करेल, महाराज? तुम्ही विचारलंत नालबंदाबद्दल. आणि नालबंद तर आता दस्तगीर आहे!"

राजांनी एकदा दस्तगीरकडे, एकदा घोड्याकडे बघितलं. मग एवढ्या जोरात हसले, की घोरणारे सरदार दचकून उठले आणि साक्ष झाली असं समजून "वा! वा! काय बोलला घोडा!" म्हणू लागले. राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून धुरपाला दिलं, म्हाळूला पागेचा मुख्य केलं आणि पुरणपोळीच्या पंगतीत दोघांना आपल्या शेजारी बसवलं.