तिसरी तार

“...पण मी तुमचा एक शब्दही गाळत नाही, बुवा. मग मला प्रवचनाला का पाठवत नाही?”

“गाळत नाहीस. खरंय.”

अच्युतबुवा मठाच्या दूधघरात चुलाण्यापाशी बसले होते. प्रश्न विचारणारा सौमित्र, त्यांचा शिष्य. मोठी पदवी सोडून मठात आलेला. पदवी सुटली होती, समजावून सांगायची खोड नव्हती.

“गेल्या गुरुवारी मी एवढंच म्हणालो, सावकाश जेवा. तू ते पंगतीला समजावून सांगितलंस.”

“विस्तारानं.”

“हो. आमटी निवली.”

सौमित्रनं हंड्याकडे बोट केलं. मग म्हणाला, “निदान माझं काम तरी बघा.”

काम चोख दिसत होतं. दुधाच्या हंड्यात प्लॅटिनमचा सेन्सर होता. तो तापला की त्याचा विजेला होणारा रोध वाढतो, आणि त्यावरून मीटर अंश दाखवतो. मीटर पार कचेरीत, पत्र्याच्या लांबलचक छपरापलीकडे. मधे सौमित्रनं तांब्याची उंची केबल टाकली होती. मीटरवर बहात्तर अंश दिसले, म्हणजे जंतू मेले, की दूध बालवाडीत जाणार होतं, उद्यापासून.

“तारा किती?”

“दोन. एक जायला, एक यायला.”

“मीटरला जागा तर तीन आहेत.”

“तिसरी जागा तारेच्या तुकड्यानं शेजारच्या जागेला जोडून टाकलीय. तिसरी तार काय आणणार?”

बुवांनी सेन्सर काढला आणि बर्फाच्या पाण्यात बुडवला.

“धोंडीराम! किती रे?”

धोंडीराम हा सौमित्रबरोबर एकाच दिवशी मठात आलेला. कचेरीतून त्याची हाक आली, “चार!”

“नीट बघ!” सौमित्र ओरडला.

“नीट चार!”

“बर्फ तर शून्याला असतो,” बुवा म्हणाले.

“बर्फात काही दोष असेल,” सौमित्र पुटपुटला.

बुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांच्या पाठीवर थापटता थापटता सौमित्रलाही हसू फुटलं... मग ते एकदम थांबलं.

“म्हणजे बहात्तर दिसतील तेव्हा दूध अडुसष्टलाच असेल. पोरांना कच्चं दूध गेलं असतं, बुवा.”

“असतं.”

“पण एवढी जाड तार! वाटेत गळती कुठं झाली?”

“गळती नाही. भर पडली.”

“तारेचा स्वतःचा रोध...”

“निरोपात मिसळला.”

“मग मीटरमधून चार वजा करून ठेवतो. झालं!”

“दुपारी पत्रा तापला की?”

सौमित्रनं वर पाहिलं. उन्हात तारेचा रोधही वाढतो, हे तो शिकलेला होता. परीक्षेत लिहिलंही होतं.

“तिसरी तार आणतो,” तो म्हणाला. “तिला दुधाची खबर आणायची नाही. बाकीच्या दोघींनी वाटेत स्वतःचं किती घातलं, तेवढंच तिच्यावरून मीटरला कळेल. मग बारीक तार चालेल ना? अडगळीत पडलीय.”

“नाही. तीच जाडी. तीच लांबी. एकाच केबलीत. तरच तिच्यात पडेल तेवढीच भर त्यांच्यात.”

“काहीच न आणणारीला इतका मान?”

बुवांनी बर्फाचा खडा तोंडात टाकला.

दुपारपर्यंत तीन तारांची केबल पडली. मीटरमधला तुकडा सौमित्रनं स्वतः काढला. सेन्सर पुन्हा बर्फात गेला. पत्रा आता चांगलाच तापला होता.

“धोंडीराम! किती?”

सौमित्र दारापर्यंत धावला.

“अरे, किती?”

“शून्य!” धोंडीराम नाचतच दूधघरात आला. “भोपळा मिळाला आपल्याला! भोपळा!”

सौमित्रनं त्याला मिठी मारली. बुवांनी टाळ्या वाजवल्या.

मग बर्फाच्या पाण्यानं ओल्या झालेल्या हातांनीच सौमित्र बुवांच्या पाया पडला. बराच वेळ उठला नाही.

“बुवा... आणि माझं प्रवचन?”

बुवांनी दोघांकडे पाहिलं.

“उद्या जा. दोघं जा. बोलायचं एकानं. भर मोजायची दुसऱ्यानं.”