डोमाजी सुताराचं रुखवत

ऐका राजेहो. फार वर्षांपूर्वी, म्हणजे गावचा मोठा पिंपळ एका बकरीला एका घासात खाता आला असता तेव्हा, सावळखेड्यात डोमाजी नावाचा सुतार होता. त्याच्याकडे ना मापाची दोरी होती, ना गज. त्याची नजर हेच माप. शिवेवरून येणारा बैल त्याने लांबून पाहिला, की बैल घरी पोचेपर्यंत त्याच्या मानेचं जू तयार असायचं. बैल ते घालून बघायचा आणि मान हलवायचा, असं म्हणतात. होकारार्थी.

त्यामुळे गावात एक रीतच पडली. सावळखेड्याच्या सुताराने माप विचारायचं नाही. माप विचारणारा सुतार म्हणजे पत्ता विचारणारा कोतवाल.

आणखी एक गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा असतो, लेकरं चाकांवरचे लाकडी बैल ओढत नेतात. ते सगळे बैल डोमाजीच्या हातचे. चार पायांचं काही बनवलं की खाली चाकं लावायची, ही त्याच्या हातांना इतकी सवय झाली होती की एकदा त्याने खाटेलाही लावली. ती खाट सकाळी दुसऱ्या आळीत सापडली. सासरा तिच्यावरच होता आणि अजून झोपलेला होता.

डोमाजीला एकच पोर, सगुणा. तिचं मन उमरझरीच्या हरबावर बसलं होतं. जत्रेत तिच्या गाडीचं चाक निसटलं, तेव्हा हा पोरगा कुठून तरी आला, काही न बोलता चाक बसवलं आणि निघून गेला. चाक बरोबर बसवलं होतं. सुताराच्या पोरीला आणखी काय पाहिजे?

साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. हरबाचा बाप उकंडाजी, म्हणजे डोमाजीचा होणारा व्याही. आपल्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. हा इवाई बुद्धिबळाचा वेडा. त्याच्या जुन्या सोंगट्या वाळवीने खाल्ल्या होत्या. वाळवीने सुरुवात राजापासून केली, याचं त्याला फार लागलं होतं. तेव्हापासून तो कोळसे आणि चिंचोके मांडून खेळायचा.

"इवाईबुवा," तो म्हणाला, "रुखवतात मले भांडे नको, कपडे नको. तुमच्या हातचं लाकडी बुद्धिबळ द्या. साऱ्या भाऊबंदांले सांगून बसलो हाय मी. ते नसलं त माह्या नाकाचं काय?"

"असन," डोमाजी म्हणाला. बुद्धिबळ त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. "काय काय लागते त्यात?"

"दोन फौजा. एक काळी, एक पांढरी. फौजेत एक राजा, एक वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे, आठ प्यादे. अन् खाली काळ्या-पांढऱ्या चौकटीचा पट."

डोमाजीने मान डोलावली. उकंडाजी निघून गेला. तो गाडीत बसताना डोमाजीच्या ओठांवर एक प्रश्न आला होता. डोमाजीने तो सुपारीबरोबर गिळला.

घरी बायको गिरजा म्हणाली, "अजी, केवढं असते ते?"

"राजा केवढा असते?"

"राजा? राजाएवढा."

"मंग?"

"इचारून घ्या ना एकदा. पोरीच्या लग्नाचा मामला हाय."

"माप इचारू? म्या? तुया बापाच्या खाटेले इचारलं होतं का?"

"म्हणूनच सांगून रायली," गिरजा म्हणाली.

पण डोमाजीने कुऱ्हाड उचलली होती. पांढऱ्या फौजेसाठी सावर तोडली, काळीसाठी शिसव. रोज सकाळी उठून लोक बघायचे तर जंगल एक पाऊल मागे सरकलेलं. तोडल्यामुळे नाही, भीतीने, असं म्हणतात. राजा झाला, दाराएवढा उंच. घोडे झाले, घोड्याएवढे. हत्ती करताना सुताराच्या अंगणाची भिंत पाडावी लागली, आणि दुसऱ्या हत्तीला शेजाऱ्याची.

उंट मात्र अडला. उंट गावात कोणीच पाहिला नव्हता. एक फिरता गोसावी आला, त्याला विचारलं. उंचीचं नाही, फक्त रूपाचं.

"बैलासारखाच," गोसावी म्हणाला, "पण त्याला नुकतीच कोणीतरी वाईट बातमी सांगितली असावी असा."

डोमाजीने तसा केला. त्याला बघून बायका पदर डोळ्याला लावायच्या.

सगळ्यांना चाकं लावली. सांगायला नकोच.

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडवात मावेना. म्हणून गावाच्या वरच्या अंगाला, जिथे गुरं जमतात त्या आखरावर, शेणाने सारवून चुन्याचे चौकोन काढले आणि दोन्ही फौजा मांडल्या. पांढरी वर, काळी खाली. आखर उताराचं आहे आणि तो उतार थेट उमरझरीच्या वाटेला लागतो, म्हणून एकेका सोंगटीच्या चाकाखाली एकेक पाचर ठोकली. प्रत्येक सोंगटीजवळ गावचा एकेक माणूस उभा केला, पाचरीवर लक्ष ठेवायला.

वरात आली. नवरदेवाच्या घोड्याने समोर हत्ती पाहिला आणि तो नवरदेवाला खाली ठेवून घरी गेला. लोकांनी हरबाला उचलून काळ्या लाकडी घोड्यावर बसवलं. उकंडाजी नुसता उभा होता.

"हे काय हाय?"

"बुद्धिबळ."

"मले वाटलं, पेटीत मावन."

"पेटी बी करतो," डोमाजी म्हणाला, "पण त्याले आनखी एक जंगल लागन."

"अन् मी हे घरी नेऊ कसं?"

"चाकं हायेत."

मागून वरातीतलं कोणीतरी फिसकन हसलं. "काका, तुमाले बुद्धिबळ भेटलं नाई, सर्कस भेटली." मग सगळेच हसले. उकंडाजीचं नाक, ज्याची त्याला एवढी काळजी होती, ते लाल झालं.

"हसू नका," तो म्हणाला. "एक डाव होऊन जाऊ द्या. चालली त ही सोंगटी, नाई त ओंडका. एक बी सोंगटी जागच्या जागी अडली, त वरात वापस. इवाईबुवा, बसा समोर. पांढरी तुमची, पयली चाल तुमची."

आता तरी विचारावं, असं डोमाजीला वाटलं. समोर पाहिलं तर सगुणा पांढऱ्या हत्तीवर चढून बसली होती, मुंडावळ्यांसकट. पोरगी खाली बघत नव्हती, पलीकडच्या काळ्या घोड्याकडे बघत होती. आणि घोड्यावरचा हरबा अवघडून बसला होता, पण तोही तिकडेच बघत होता. हे फिसकटलं तर कोणाच्या हट्टाने, ते डोमाजीला चांगलं कळत होतं. लाकूड त्याला कळायचं, खेळ नाही. कधी, कोणी, कुठे सरकायचं? त्याला एकच रांग ठाऊक होती, पोळ्याची. पोळ्यात मानाचा बैल आधी.

"राजा काढा," तो म्हणाला.

"राजा?" उकंडाजीने कपाळाला हात लावला. "त्याच्या समोर प्यादा हाय ना."

"मंग बाजूले होईन तो."

"प्यादा बाजूले होत नसते."

"राजा येऊन रायला अन् प्यादा समोर उभा? हे कोन्या गावचं वळण?"

सावळखेड्याच्या माणसांना हे एकदम पटलं. समोरच्या माणसाने लाजून प्यादं बाजूला ओढलं. डोमाजीने स्वतः वाकून पांढऱ्या राजाची पाचर काढली. राजा हलला, मग सावकाश, मानाने, उतारावरून निघाला.

आता राजेहो, मानाचा बैल निघाला की पोळा फुटतो. मग कोणी कोणाची वाट बघत नाही, ज्याचा त्याचा बैल जो तो सोडतो. आज्याने सोडला, बापाने सोडला, हात आपोआप सोडतो. राजा निघालेला दिसला आणि "फुटला" असा एकच गलका झाला. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाने खाली वाकून पाचर काढली. काळ्यांचीसुद्धा. विचार कोणीच केला नाही.

पांढरा राजा काळ्या राजाला जाऊन छातीशी छाती भिडला. मग दोघे गळ्यात गळा घालून उमरझरीच्या वाटेला लागले. मागे सगळी फौज. हत्तीवर सगुणा, घोड्यावर हरबा, दोघं शेजारी शेजारी धडधडत निघाले. भटजी अंतरपाटाचं एक टोक धरून मंगलाष्टकं म्हणत पळाले, दुसरं टोक मामाकडे. 'सावधान' म्हटलं ते वळणावर, आणि त्याची गरजही होती. अक्षता लोकांनी लांबून फेकल्या. बऱ्याचशा एका उंटालाच लागल्या. तेव्हा तो हसला, असं म्हणतात.

उकंडाजीने उडी मारून वजीर पकडला होता, डोमाजीने प्यादं. वाटेत नाला होता. तो मागे सरकला. चढ होता. तो खाली बसला. दुपारच्या आत सगळं बुद्धिबळ उकंडाजीच्या वावरात जाऊन थांबलं, प्रत्येक सोंगटी सरळ रांगेत, जणू आत्ताच मांडली.

उकंडाजी वजिरावरून उतरला. डोक्यावर पागोटं उरलं नव्हतं. त्याने पहिल्या सोंगटीपासून शेवटच्यापर्यंत चक्कर मारली.

"एक बी अडली नाई," तो म्हणाला.

"नाई," डोमाजी म्हणाला.

"पण इवाईबुवा, राजाने जाऊन राजाले भेटाचं, हे खेळात बसत नाई."

"लग्नात बसते."

उकंडाजीने डोमाजीला मिठी मारली, आणि मिठीत असतानाच डोमाजीने त्याच्या कानात विचारलं, "खरं केवढं असते हो ते?" उकंडाजीने आपलं बोट उभं करून दाखवलं, एवढं. डोमाजी त्या बोटाकडे बघतच राहिला. मग दोघे हसायला लागले, आणि संध्याकाळपर्यंत हसत होते. जेवणं तोवर थांबली होती.

पुढे दोघं म्हातारे होईपर्यंत त्या वावरात डाव मांडायचे. एका चालीला अख्खं गाव लागायचं, म्हणून चाल ठरली की दवंडी पिटत. शेवटचा डाव कोण जिंकलं, हे अजून ठरलेलं नाही. उमरझरीचे म्हणतात उकंडाजी. सावळखेड्याचे म्हणतात, दोघं मधेच उठून जेवायला गेले.

डोमाजी जाऊन किती पिढ्या झाल्या, कोणी मोजलं नाही. पण आजही सावळखेड्यात लग्न असलं, की मंगलाष्टकांच्या आधी दोन्ही इवायांना आखरावर नेतात. दोन पाट असतात, खाली चाकं लावलेले. दोघांना शेजारी शेजारी बसवतात, एकमेकांच्या गळ्यात हात घालायला लावतात, सगळं गाव "डोमाजीच्या नावानं" म्हणतं, आणि पाचरी काढतात.

त्या गावातून आजवर एकही वरात वापस गेलेली नाही. एकदोन इवाई रुसून निघाले होते. पण पाटावरून निघाले होते, त्यामुळे ते उमरझरीलाच पोचले, आणि तिथे त्यांना जेवायला वाढलं.