बारक्या आत, चुंदी बाहेर

एक होतं नाचणीचं शेत. शेताला होता बांध. बांधात होतं बीळ. बिळात राहायची चिचुंद्रीची दोन पिल्लं. मोठी चुंदी आणि धाकटा बारक्या.

फिरायला निघाली की चुंदी पुढे, बारक्या मागे. बारक्याच्या तोंडात चुंदीची शेपटी. चिचुंद्रीची पिल्लं अशीच चालतात. तुरुतुरु तुरुतुरु!

एके दिवशी दोघं बाहेर पडली. आणि जमीन हलली.

थरथर थरथर! गदगद गदगद!

बारक्या घाबरला. त्याने शेपटी सोडली. पळाला तो थेट बिळात. वरून आला एक धोंडा, गडगड गडगड. बसला बिळाच्या दारात. धप्प!

जमीन थांबली. बारक्या आत. चुंदी बाहेर.

"ताई!" आतून आवाज आला. "इथे अंधार आहे. मला भूक लागली."

"आले रे सोन्या!"

चुंदीने धोंड्याला ढकललं. धोंडा ढिम्म.

"धोंडूकाका, धोंडूकाका, जरा हला ना! दार उघडेना. बारक्या आत, मी बाहेर!"

"अगं, मला काय पाय आहेत?" धोंडा म्हणाला. "खालची माती हलली, तर मी हलेन."

चुंदी निघाली तुरुतुरु. मातीत नाक खुपसलं.

"मातीमावशी, मातीमावशी, जरा हल ना! धोंडा हलेना. दार उघडेना. बारक्या आत, मी बाहेर!"

"हलले असते गं बाळा," माती म्हणाली. "पण मी बसलेय मुरमावर. मुरूम हलला, तर मी हलेन."

चुंदी निघाली तुरुतुरु. एका भेगेतून खाली उतरली.

"मुरूमदादा, मुरूमदादा, जरा हल ना! माती हलेना. धोंडा हलेना. दार उघडेना. बारक्या आत, मी बाहेर!"

"ए टिल्ले, मी एकटा कसा हलू?" मुरूम म्हणाला. "खडक हलला, तर मी हलेन."

चुंदी निघाली तुरुतुरु. आणखी खाली, आणखी खाली. खाली होता काळा, गार, जाडजूड खडक.

"खडकआजोबा, खडकआजोबा, जरा हला ना! मुरूम हलेना. माती हलेना. धोंडा हलेना. दार उघडेना. बारक्या आत, मी बाहेर!"

"मघाशी मीच तर हललो," खडक म्हणाला. "हा माझा शेजारी बघ. याचा खांदा, माझा खांदा, घट्ट अडकलेले. रेटा आला, आला, आला... आणि आम्ही सुटलो, सटकन! तीच थरथर वर आली, तुझ्या पायांपर्यंत. आता पुन्हा अडकलोय. लादीपणजीने रेटलं, तर मी हलेन."

"ती कोण?"

"जमिनीची मोठ्ठी लादी. तिच्यावर शेत, तिच्यावर डोंगर. मीसुद्धा तिचाच तुकडा. ती पार खोलवर गेलीय. तू इथूनच टकटक कर. दगडातून आवाज जातो."

टक टक टक!

"लादीपणजी, लादीपणजी, जरा हल ना! खडक हलेना. मुरूम हलेना. माती हलेना. धोंडा हलेना. दार उघडेना. बारक्या आत, मी बाहेर!"

खूप खोलवरून उत्तर आलं. अगदी हळू.

"मी... हलतेच... आहे... गं."

"कधी?"

"रोज. तुझं नख वाढतं ना, तेवढी सरकते."

चुंदीने आपलं नख पाहिलं. "इतकुसं?"

"इतकुसंच. पण थांबत नाही."

"मघाशी तू रागावली होतीस का आमच्यावर?"

"छे गं राणी! मला रागावता येत नाही. मला फक्त सरकता येतं."

"मग धोंडा कधी हलेल?"

"ते मला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नसतं. पण तू दारासमोर बसू नकोस. मोकळ्यावर बस. आणि बारक्याला सांग, हललं की डोकं झाकायचं."

चुंदी वर आली. तुरुतुरु तुरुतुरु! तिला वाटलं, धोंड्याला चिकटून बसावं. आत बारक्या होता ना! पण ती मोकळ्यावर बसली.

"बारक्या! हललं की गोळा हो. डोकं झाक!"

"झालो गोळा!"

"आत्ता नाही रे, हललं की!"

"मी आत्तापासूनच झालो!"

थोडा वेळ गेला.

"ताई, तू आहेस ना?"

"आहे."

आणखी थोडा वेळ गेला.

"ताई, आहेस ना?"

"आहे रे राजा. इथेच आहे."

आणि मग...

लादीने रेटलं. इतकुसं!
खडक सुटला. सटकन!
मुरूम हलला. खर्रर्र!
माती हलली. भुसभुस!
धोंडा हलला. गडगड गडगड! चुंदीच्या बाजूने गेला, बांधाखाली पडला. धप्प!

दार उघडलं!

आतून एक गोळा बाहेर आला. गोळ्याला नाक होतं. नाकाला माती होती. चुंदीने ती चाटून काढली.

"ताई, अजून हलतंय!" बारक्या म्हणाला.

"कुठे?"

"माझ्या पोटात!"

"ती भूक रे, वेड्या!"

भुसभुशीत मातीतून एक अळी वर आली होती. पांढरी, गुबगुबीत. चुंदीने तिचे दोन तुकडे केले. मोठा तुकडा बारक्याला दिला.

मटामट मटामट!

"आता हलतंय का?" चुंदीने विचारलं.

बारक्याने पोटावर पाय ठेवला. नीट ऐकलं.

"थांबलं," तो म्हणाला.